सर्वांना मताचा हक्क : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



आज मी तुम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची माहिती सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ती तर आम्हाला येते. १४ एप्रिलला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि भाषणं करतो. मीही दुसरीत असताना भाषण केलं होतं, पण ते पाठ केलेलं होतं. या वेळी मी पुस्तक वाचून आणि गुरुजींना विचारून विचारून लिहिलं आहे. लेख लांब झाला म्हणून दोन कागद एकाखाली एक चिकटवले आहेत. खालचा कागदही वाचावा ही विनंती.

मी हा लेख का लिहिला ते आधी सांगतो. यंदा आमच्या शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक २६ नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनाला झाली. मी मुख्यमंत्री व्हायला उभा होतो. आमच्याच वर्गातली एक मुलगीही उभी होती. चिठ्ठी टाकून मत द्यायचं होतं. दिवाळीनंतर आमच्या गावात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ती माणसं ओढ्याच्या कडेला कोप्या घालून राहतात आणि त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात. यंदा सात मुलं आली आहेत. मी गुरुजींना म्हणालो, की या मुलांना चिठ्ठी कशाला द्यायची, ती तर उन्हाळ्यात निघून जाणार, आणि दोघांना तर नीट लिहितासुद्धा येत नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी सातही जणांना चिठ्ठ्या दिल्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी आमच्या नावापुढे चित्रं काढली. माझा पतंग आणि तिची घागर. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा मी दोन मतांनी पडलो. मला फार राग आला. यांच्यामुळेच मी पडलो असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तेव्हा गुरुजींनी कपाटातून बाबासाहेबांचं चरित्र काढून दिलं आणि सांगितलं, की हे वाच आणि भित्तिपत्रकासाठी लिही. म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू मध्य प्रदेशात आहे. त्यांचे मूळ गाव आंबडवे. ते रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. आईचे नाव भीमाबाई. बाबासाहेब हे त्यांचे चौदावे अपत्य. लहानपणी त्यांना भिवा म्हणत. भिवा लहान असतानाच त्याची आई वारली. मग आत्याने त्याला सांभाळले. आत्याचे नाव मीराबाई होते.

वडील सातारला राहायला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत घातले. तो दिवस आता आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपणही पाळतो. पण त्या शाळेत भिवाला सगळ्यांबरोबर बसता येत नव्हतं. त्याची जात महार होती आणि लोक त्या जातीला अस्पृश्य मानत. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचं नाही तो. भिवा घरून गोणपाट न्यायचा आणि कोपऱ्यात त्याच्यावर बसायचा. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी आणायचं आणि रोज परत न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. न्हावी त्यांचे केस कापत नसे, म्हणून त्यांची बहीण भावांचे केस कापायची.

आता एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट बाबासाहेबांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साल होतं. भिवा साधारण नऊ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून लहान. त्याचे वडील गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. तिथे दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून तलाव खोदायचं काम चालू होतं. सुट्टीत भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे घातले, डोक्यावर नव्या टोप्या घातल्या. आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. पत्र आलेलं नोकर वडिलांना द्यायलाच विसरला होता. स्टेशनमास्तर आधी चांगले बोलले. मुलांची जात समजली तसे ते मागे सरकले. एकही गाडीवान यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं ठरलं आणि गाडी मुलांनीच हाकायची ठरली. गाडीवान बाजूने चालू लागला. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. रस्त्यात कुणी पाणी देईना. रात्री टोलनाक्यावर मागितलं, तिथेही मिळालं नाही. पाण्यावाचून जेवण कसं गिळणार? मुलं तशीच उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमाराला ती गोरेगावला पोचली.

ही गोष्ट मी घरी आजीला वाचून दाखवली. आजीने मध्येच उठून मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मला तहान लागली नव्हती, तरी मी प्यायलो.

पुढे वडिलांनी मुलांना मुंबईला आणलं. भिवा फार अभ्यास करायचा. १९०७ साली तो मॅट्रिक पास झाला. १९१२ साली बी. ए. झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्याला शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली भीमराव बोटीने अमेरिकेला गेले. (आता ते मोठे झाले म्हणून मी अहो म्हणतो.) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले. नंतर लंडनलाही शिकले. पण १९१७ साली ते बडोद्याला नोकरीला आले तेव्हा पुन्हा तेच. एवढे शिकलेले साहेब, तरी शिपाई कागद लांबून टाकायचे. राहायला घर मिळेना. एका पारशी खानावळीत नाव लपवून राहिले, तर लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. तेव्हा मला कळलं, की नुसतं शिकून सगळं मिळत नाही. शिकलेल्यालाही हक्क लागतो.

हक्क म्हणजे काय, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, की माणूस म्हणून जे प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, कुणाच्या मेहेरबानीने नाही, त्याला मानवी हक्क म्हणतात. पाणी, रस्ता, शाळा हे त्यात येतं. आपल्यावर कुणी राज्य करायचं ते ठरवण्याचा हक्क म्हणजे मत.

तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं. तेव्हाही थोड्या जागांसाठी निवडणुका होत. पण मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे जमीन आहे, जो ठरावीक सारा किंवा कर भरतो, किंवा जो बराच शिकला आहे, त्यालाच मत. मजुराला नाही. ज्याची जमीन नाही त्याला नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटी नावाची कमिटी मतदानाचे नियम ठरवायला बसली होती. भीमराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी कमिटीपुढे जाऊन सांगितले, की अस्पृश्यांनाही मत मिळाले पाहिजे आणि त्यांची माणसे कायदे करणाऱ्या सभेत बसली पाहिजेत. कारण त्यांचं दुःख दुसऱ्याला तेवढं कळत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. १९२३ साली ते लंडनहून मोठी पदवी घेऊन आणि बॅरिस्टर होऊन परत आले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

मग महाडची गोष्ट. महाड रायगड जिल्ह्यात आहे. तिथे चवदार तळे आहे. त्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची, पण अस्पृश्य माणसांना पाणी घेता येत नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले आहेत असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला होता. तो ठराव रावबहादूर बोले यांनी मांडला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मग सर्वांनी घेतले. त्यानंतर काही लोकांनी त्यांच्या माणसांना मारहाण केली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट मारू दिलं नाही. तळ्याचा खटला पुढे कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं लागली.

आता जी गोष्ट वाचून मला माझी लाज वाटली ती सांगतो. १९२८ साली सायमन कमिशन आले. तेव्हा बाबासाहेबांनी मागणी केली, की वय एकवीस झालेल्या प्रत्येकाला मत द्या. पुष्कळ मोठी मोठी माणसं म्हणत होती, की अडाणी माणसाला मत कशाला, त्याला काय कळतं? बाबासाहेबांनी त्याला उत्तर लिहिले. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याला अक्कल नसते असे नाही, आणि ज्याला येते त्याला जास्त अक्कल असतेच असेही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आधी लोकांना शाळेपासून दूर ठेवायचे आणि मग तुम्ही शिकलेले नाही म्हणून मत देणार नाही असे म्हणायचे, हा दुहेरी अन्याय आहे असेही त्यांना वाटे.

मी गुरुजींना जे म्हणालो होतो ते मला तिथेच आठवलं. मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. त्या मुलांना लिहिता येत नाही, कारण दरवर्षी अर्ध्यातून शाळा सुटते. त्यांना काय कळत नाही असं नाही. त्यातला एक मुलगा ऊस बघून गाडीत किती टन बसेल ते सांगतो. मला सांगता येत नाही.

१९३० पासून लंडनला गोलमेज परिषदा झाल्या. तिथेही बाबासाहेबांनी हीच मागणी केली. १९३२ साली अस्पृश्यांना वेगळे मतदारसंघ द्यायचे इंग्रज सरकारने ठरवले. महात्मा गांधींना ते पसंत नव्हते. त्यांनी पुण्याला येरवडा तुरुंगात उपोषण धरले. शेवटी २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यात वेगळे मतदारसंघ गेले, पण प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखीव ठेवण्याचे ठरले. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात ते दिल्लीच्या सरकारात मजूर खात्याचे काम बघत. तेव्हा कामगारांचे तास कमी करून आठ तास करण्याचे काम त्यांनी केले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटना एकट्याने केली नाही, घटना समितीत खूप माणसं होती. पण मसुद्याचं ओझं सगळ्यात जास्त बाबासाहेबांनी उचललं. तेव्हा त्यांना मधुमेह होता, तब्येत बरी नसे, तरी ते काम करत. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. म्हणून आपण तेव्हा झेंडा लावतो.

घटनेत कलमं आहेत. त्यातली चार मी लिहितो. कलम १४ सांगते, की कायद्यापुढे सर्व समान. कलम १५ सांगते, की धर्म, जात, स्त्री-पुरुष असा भेद सरकार करणार नाही, आणि विहिरी, तळी, रस्ते यांच्यावर कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क दिला. तेव्हा वय २१ होतं. १९८९ पासून ते १८ झालं.

यात मला आवडलं ते असं. ज्या मुलाला नळाला हात लावता येत नव्हता तो मोठा होऊन देशाची घटना लिहायला बसला, आणि त्यात त्याने फक्त आपल्या माणसांना मत मागितलं नाही. ज्यांनी त्याला पाणी दिलं नाही त्यांनाही मत दिलं. तेवढंच. एक कमी नाही, एक जास्त नाही. पण बाबासाहेबांनी शेवटच्या दिवसांत सभेत बजावले होते, की मत सारखे झाले तरी गरिबी आणि जात तशीच राहिली तर सगळे धोक्यात येईल.

पहिली निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. इंग्रजांच्या वेळी १९३७ च्या निवडणुकीत साधारण तीन-साडेतीन कोटी लोकांना मत होतं. आता १७ कोटींहून जास्त लोकांना मिळालं. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चित्राची खूण दिली आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली. म्हणजे आमच्या पतंग आणि घागरीची युक्ती तेव्हाची आहे! बोटाला शाई लावायचीही तेव्हापासूनच. पण एक वाईट झालं. काही भागात बायका यादीवाल्यांना स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगत. स्वतःच्या नावाशिवाय यादीत घेता येत नव्हतं. त्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची मतं राहिली. म्हणून नाव लाजू नये, मोठ्याने सांगावं.

त्या निवडणुकीत मुंबईतून बाबासाहेब स्वतः उभे होते. मला वाटलं ते नक्की निवडून आले असतील. पण ते पडले! सुमारे चौदा हजार मतांनी पडले. १९५४ साली भंडाऱ्याला उभे राहिले, तिथेही पडले. मी ते पान दोनदा वाचलं. ज्यांनी लोकांना मत मिळवून दिलं त्यांनाच लोकांनी निवडून दिलं नाही. गुरुजींना मी विचारलं, की मग लोक चुकले का? गुरुजी म्हणाले, की त्याचं उत्तर तू शोध. मी विचार केला. मला वाटतं, मत दिलं म्हणजे ते उसनं दिलेलं नसतं. परत मागायचं नसतं. ज्याचं आहे त्याने ते कुणालाही द्यावं. मी तर त्या सात मुलांना मत दिलंही नव्हतं, उलट काढून घ्यायला निघालो होतो. आणि त्यांनी कुणाला दिलं हे मला माहीत तरी कुठे आहे? चिठ्ठ्या घडी घातलेल्या होत्या.

बाबासाहेब १९५२ साली राज्यसभेत गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला त्यांचे निधन झाले. मुंबईला दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे चैत्यभूमी आहे. १९९० साली त्यांना भारतरत्न हा किताब दिला.

लेख लिहून झाल्यावर मी ओढ्यावर कोप्यांकडे गेलो. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलीच्या आईला विचारलं, की मावशी, तुमचं मत कुठं आहे? त्या म्हणाल्या, की नाव गावाकडच्या यादीत आहे. तोड चालू असताना मतदान आलं तर जाणं-येणं परवडत नाही, मजुरी बुडते. एकदा असंच मत राहिलं. मला वाईट वाटलं. बाबासाहेबांनी मत दिलं, पण तिथपर्यंत पोचायला एस. टी. चं भाडं लागतं. मोठ्या माणसांनी यावर काहीतरी करावं असं मला वाटतं.

माझी आजी अंगठा करते. पण मतदानादिवशी ती नवं लुगडं नेसून सकाळीच जाते आणि यंत्रावरचं चित्र बघून बटण दाबते. कुणाला दिलं ते आजोबांनाही सांगत नाही.

पालकांना विनंती आहे, की आपलं नाव यादीत आहे का ते बघावं आणि मत चुकवू नये. पैसे घेऊन तर देऊच नये. आणि मित्रांनो, मी त्या सात जणांची वर्गात सगळ्यांसमोर माफी मागितली आहे, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो. आमच्या मुख्यमंत्रीबाईंनी मला पाणीमंत्री केलं आहे. पिंप भरलेलं असतं. कुणीही हाताने घ्यावं, फक्त पेला धुऊन ठेवावा.

— इयत्ता चौथी